खुबा दुखतोय हे कळलं, पण तुम्हाला करायचंय काय?

खुब्याचं दुखणं घेऊन नवीन पेशंट आला की आधी टेबलावर एक्सरे येतो, मग एमआरआयची मोठी पिशवी, मग जुन्या चिठ्ठ्या, आणि मग ते वाक्य येतं, "मॅडम, बाकी काही नको, फक्त दुखणं तेवढं घालवा." मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते, छोटंसं क्लिनिक आहे, पेशंट शहरातले असतात तसे कोरेगाव, वाई, मेढा, फलटण असे सगळीकडचे येतात, आणि हे वाक्य मी रोज ऐकते. ते अगदी खरं असतं, दुखतंय म्हणूनच माणूस आलेला असतो. पण नुसत्या त्या वाक्यावर ट्रीटमेंट उभी राहत नाही. मला पुढचं हवं असतं. समजा दुखणं गेलं, तर उद्या सकाळी उठून तुम्ही असं काय करणार जे आज करता येत नाहीये? हे विचारलं की लोक आधी गप्प बसतात कारण कोणी कधी विचारलेलंच नसतं, आणि मग जे हळूहळू बाहेर येतं त्यावरून मी व्यायाम ठरवते.

काय काय येतं बघा. सोयाबीनची भांगलण करायला खाली बसता येत नाही आणि रोजानं बाई लावणं परवडत नाही. वाईकडच्या एक मावशी स्ट्रॉबेरी तोडायला जातात, त्यांना तासन् तास वाकून पुढं सरकता यायला हवंय. एका चाचांना मशिदीत खुर्ची न घेता सगळ्यांबरोबर खाली नमाज पढायची होती. एका बाईंना लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसायचं होतं. एक आज्जी म्हणाल्या पायाची नखं माझी मला कापता आली पाहिजेत, सुनेला सांगायला लाज वाटते गं. ह्या नखांच्या वाक्याला मी फार महत्त्व देते, कारण खुब्याच्या सांध्यात झीज सुरू झाली की मोजे घालणं आणि नखं कापणं ह्या गोष्टी लवकर अडायला लागतात, चालणं त्यामानानं बरं असतं तरी. म्हणजे पेशंटनं आपल्या मनातलं सांगितलं आणि त्यातच मला तपासायचं काय हेही कळलं.

आता गंमत नाही, अडचण सांगते. खुब्याच्या पेशंटची प्रगती मोजायला जगभर जो स्कोअर सगळ्यात जास्त वापरला जातो तो हॅरिस हिप स्कोअर, १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टर हॅरिस ह्यांनी काढलेला. एकूण १०० गुण. त्यातले ४४ दुखण्याला, ४७ रोजच्या हालचालींना, उरलेले सांधा किती हलतो आणि वाकडेपणा आहे का ह्याला. चांगला स्कोअर आहे, ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, डॉक्टरांशी बोलताना मीही वापरते. पण त्यात बसण्याचा प्रश्न आहे तो खुर्चीवर किती वेळ बसता असा. जमिनीवर बसण्याचं नावच नाही. उकिडवं बसणं नाही, मांडी नाही, भारतीय पद्धतीचा संडास नाही. आणि बस किंवा ट्रेनमध्ये चढता येतं का, ह्याला शंभरात १ गुण. आपल्याकडच्या बाईला एसटीत चढता येणं ही १ गुणाची गोष्ट आहे का? २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याच्या आदल्या वर्षापासून फुकट आहे, आणि एसटीची ती पहिली पायरी चढता येत नाही म्हणून घरात बसलेल्या आज्ज्या मी बघते. त्यामुळे अमेरिकेतल्या रोजच्या जगण्यावर बेतलेला कागद भरून मी कुणाला ८० गुण म्हणजे छान सुधारणा असं सांगू शकत नाही. त्यांना संडासला खाली बसता येत नसेल आणि घरात कमोड नसेल तर त्या ८० गुणांचं करायचं काय!

त्याच्याबरोबर मी दुसरं एक साधन वापरते, १९९५ साली कॅनडातल्या फिजिओंनी मांडलेलं, अगदी सोपं. पेशंटनं स्वतःला अडणाऱ्या तीन ते पाच गोष्टी सांगायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे, शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे दुखणं सुरू व्हायच्या आधी जमायचं तसं. झालं. कुठलाच ठराविक प्रश्न नाही त्यामुळे कुठलीही गोष्ट त्यात बसते, म्हशीची धार काढणं सुद्धा. काही आठवड्यांनी तेच प्रश्न परत. आज्जींना लिहिता येत नसेल तर बोटं दाखवा म्हणते, त्या आरामात सांगतात.

पण ही यादी कोणाची, हे नीट बघावं लागतं. मुलगा आईला घेऊन येतो, काळजीनंच येतो, कामावर खाडा करून येतो, पण आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो. एकदा अगदी असंच झालं. मी विचारलं, आजी तुम्हाला काय करता आलं पाहिजे? मुलगा म्हणाला, तिला काही करायचं नाहीये मॅडम, सगळं आहे घरात, फक्त पडायला नको आणि रात्री कण्हायला नको. मी त्यांना बाहेर केसपेपरचे पैसे भरून या म्हणून सांगितलं. ते गेल्यावर आजी जरा पुढं सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, मला लेकीकडं जायचंय. एसटीनं. ह्यो गाडीनं नेतो पर लगीच सांजच्याला माघारी आणतो, मला चार दिस र्‍हायाचंय तिच्यापाशी." आता सांगा, हे एमआरआयमध्ये कुठं दिसणार? मग आमचा व्यायाम ठरला. क्लिनिकमध्ये लाकडी खोकी आहेत वेगवेगळ्या उंचीची, सगळ्यात बुटक्या खोक्यापासून सुरुवात, दांडी धरायची, चांगला पाय आधी वर, मग दुसरा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. हातात पिशवी देऊन पण केलं कारण लेकीकडं रिकाम्या हातानं कोण जातं. दुखणं पूर्ण गेलं का, नाही, खुब्यात झीज आहे ती आहे. पण त्या गेल्या लेकीकडं आणि राहून आल्या. मुलाशीही मी नंतर बोलले, पडण्याची त्याची भीती चुकीची नव्हतीच, त्या वयात पडून खुब्याचं हाड मोडणं किती वाईट हे मी बघितलंय, पण न चालणाऱ्या माणसाचे पाय कमजोर होतात आणि मग पडायची शक्यता वाढते हे त्याला समजावून सांगायला लागलं.

खुबा दुखतो म्हणणारे सगळे एकाच रोगाचे नसतात हे पण इथंच सांगायला हवं, कारण अपेक्षा किती ठेवायची ते त्यावर ठरतं. कुठं दुखतं ते हात लावून दाखवा म्हटलं की कोणाचा हात जांघेत जातो, तिथं बऱ्याचदा सांध्याचंच दुखणं असतं. कोणाचा हात मागे कमरेखाली जातो आणि तिथून पायात खाली उतरतो, तिथं मी आधी पाठीचा मणका तपासते. कधीकधी खुब्याचं दुखणं चक्क गुडघ्यात जाणवतं आणि माणूस वर्षभर गुडघ्याला तेल लावत बसतो. आणि चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बायकांचा हात जातो मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जिथं हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्या कुशीवर झोपता येत नाही ही त्यांची मुख्य तक्रार. तिथं बऱ्याचदा सांधा ठीक असतो, नितंबाच्या स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायूंच्या टोकाच्या दोऱ्या, तिथं हाडाला चिकटतात ते दुखावलेले असतात. ह्या बायकांना मी मोकळ्या मनानं चांगली आशा देते. २०१८ साली बीएमजे ह्या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात ऑस्ट्रेलियातली एक ट्रायल, म्हणजे उपचारांची तुलना करणारी चाचणी, छापून आली होती, २०४ पेशंट, एका गटाला रोजच्या सवयी कशा बदलायच्या ते शिकवलं आणि व्यायाम दिला, दुसऱ्याला कॉर्टिसोनचं एक इंजेक्शन, तिसऱ्याला थोडी माहिती देऊन नुसतं थांबा म्हणून सांगितलं. आठ आठवड्यांनी चांगला फरक आहे म्हणणारे पहिल्या गटात साधारण ७७ टक्के, इंजेक्शनवाले ५८, थांबलेले २९. वर्षानंतर थांबलेल्यांपैकी पण निम्म्याहून थोडे जास्त लोक बरे होते, म्हणजे हे दुखणं घाबरण्यासारखं नाही, पण आठ आठवड्यांत झोप मिळणं आणि वर्षभर तळमळणं ह्यात केवढा फरक आहे. आणि सवयी म्हणजे काय, तर नातवाला एकाच कडेवर घेऊन कंबर बाहेर काढून उभं राहणं बंद, पायावर पाय टाकून बसणं बंद, झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. एवढ्यानंही रात्र बरी जाते असं बायका सांगतात. उलट त्या जागी ताण बसेल असं स्ट्रेचिंग लोक यूट्यूबवर बघून करत राहतात आणि दुखणं वाढतं.

आता मशीनबद्दल. हा आमच्या धंद्यातला नाजूक विषय आहे पण बोलायलाच हवं. बहुतेक पेशंट शेक घ्यायला येतात, करंट घ्यायला येतात. व्यायाम शिकवला की तोंड पडतं, "व्यायाम तर घरी पण होतो, मग एवढ्या लांब यायचं कशाला, मशीन लावा की." मला त्यांचा राग येत नाही. गाडीभाडं खर्चून आलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला काहीतरी मिळालं पाहिजे, आणि गार अंगाला गरम शेक मिळाला की मिळाल्यासारखं वाटतं. शेक मी देते सुद्धा, स्नायू सैल होतात, थोडा वेळ बरं वाटतं आणि मग व्यायाम नीट होतो. पण शेकानं खुब्याची झीज भरून येणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे व्यायामाबद्दलही सांगायला हवं. २०१४ साली जामा ह्या अमेरिकन वैद्यकीय मासिकात एक अभ्यास आला, हाही ऑस्ट्रेलियातलाच, खुब्याची झीज झालेले १०२ लोक. अर्ध्यांना बारा आठवडे खरी फिजिओथेरपी, व्यायाम, हातानं सांधा मोकळा करणं सगळं. अर्ध्यांना अल्ट्रासाउंडचं, म्हणजे ध्वनिलहरींनी उपचार करायचं, मशीन बंद ठेवूनच फिरवलं आणि साधं जेल लावलं. दोन्ही गट सुधारले, आणि जवळजवळ सारखेच सुधारले. हे वाचून आमच्यातले बरेच जण अस्वस्थ झाले होते, मीही झाले. त्याच वर्षी बाकी अभ्यास एकत्र करून कॉक्रेननं, म्हणजे असे अभ्यास पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, जे मांडलं त्यात खुब्याच्या झिजेत व्यायामानं दुखण्यात शंभराच्या पट्टीवर सरासरी ८ गुणांचा फरक पडतो असं होतं. म्हणजे फरक आहे, पण तो लहान आहे. मग मी पेशंटला "सगळं दुखणं जाईल" असं कुठल्या तोंडानं सांगू? मी सांगते की दुखणं थोडं कमी होईल, पायात ताकद येईल, आणि त्या ताकदीवर तुम्हाला हवी असलेली ती एक गोष्ट जमते का ते आपण बघू. बंद मशीनवालेही सुधारले त्याचा मी माझ्यापुरता काढलेला अर्थ असा, की कोणीतरी दर आठवड्याला शांतपणे ऐकून घेतं, हात लावून तपासतं, ह्याचाही गुण येतो. म्हणून पहिल्या दिवशी बोलण्यात गेलेली वीस-पंचवीस मिनिटं मला वाया गेल्यासारखी वाटत नाहीत, बाहेर कितीही गर्दी असली तरी.

व्यायामानं झीज वाढेल ही भीती मात्र काढावी लागते. कुणीतरी "ग्रीस संपलंय" असं सांगितलेलं असतं आणि माणूस सांधा वाचवायला म्हणून हलायचाच बंद होतो. मी सांगते, व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीइतकं खाली आलं पाहिजे, नाही आलं तर व्यायाम थोडा कमी करायचा, बंद नाही करायचा. आणि ताकद यायला सहा ते बारा आठवडे लागतात, चार दिवसांत गुण नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. काठी घ्यायला लोक फार लाजतात, आणि घेतली तर दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात. ती उलट्या हातात धरायची, उजवा खुबा दुखत असेल तर डाव्या हातात, भार खरंच कमी होतो.

तरुण पोरं येतात त्यांची गोष्ट वेगळी आणि मला जास्त लागणारी. तिशीतला मुलगा, जांघेत दुखतंय, एमआरआयमध्ये एव्हीएन, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरतं. आपल्याकडे ह्याचं प्रमाण भरपूर दिसतं, दारू आणि स्टिरॉइड ही मोठी कारणं, करोनात स्टिरॉइड घेतलेल्यांमध्ये असे पेशंट निघाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच लिहिलं होतं. हा मुलगा येतो ते एकाच अपेक्षेनं, ऑपरेशन टाळायचं. आईवडील सोबत असतात, लग्न ठरायचंय किंवा नुकतंच झालंय. त्याला खोटी आशा देणं मला जमत नाही. गोळा खचला असेल तर तो व्यायामानं परत गोल होणार नाही. लवकरच्या स्टेजला असेल तर ऑर्थोच्या डॉक्टरांकडे आधी जा, डीकम्प्रेशनसारखी (हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायची) छोटी ऑपरेशन्स तेव्हाच उपयोगी असतात, माझ्याकडे सहा महिने घालवून ती वेळ दवडू नका असं मी स्वतः सांगते. मग फिजिओचं काम काय, तर स्नायू टिकवणं, लंगडणं कमी करणं, आणि पुढं सांधा बदलावा लागलाच तर शरीर तयार ठेवणं. आणि हो, सांधा बदलल्यावर खाली मांडी घालून बसता येईल का, बाईक चालवता येईल का, हे ऑपरेशनच्या आधी सर्जनला विचारा. प्रत्येकाची पद्धत वेगळी, बंधनं वेगळी. नंतर विचारून रडणारे बघितलेत.

ह्याच मुलांकडून एक गोष्ट कधीच आपणहून येत नाही, ती म्हणजे नवरा-बायकोचे संबंध. खुबा बाजूला उघडत नाही, भार सहन होत नाही, साहजिकच तिथं अडतं, आणि हे बायकांनाही तेवढंच लागू आहे. लाजून वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि घरात भलतेच गैरसमज होतात. मी आता सरळ विचारते, दार लावून, एकट्याला. विचारलं की चेहऱ्यावर आधी संकोच आणि मग सुटल्यासारखं वाटतं. कुशीवर झोपून, उशांचा आधार घेऊन, कुठल्या स्थितीत खुब्यावर ताण कमी येतो हे सांगता येतं, ते आमचं शास्त्रच आहे, त्यात वावगं काही नाही. ज्या फिजिओंना हे विचारायला अवघड जातं त्यांनी निदान यादी सांगताना "झोप, संडास, प्रवास, संबंध" असं एका दमात म्हणून टाकावं, पेशंट पुढचं बोलतो.

वारीचं सांगितल्याशिवाय माझं लिहून होणार नाही. ज्येष्ठ जवळ आला की माझ्याकडे वारकरी यायला लागतात. साठी ओलांडलेले एक काका आले, दोन्ही खुब्यांत झीज, उजवा जास्त, म्हणाले आळंदी ते पंढरपूर चालायचंय. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, त्यात पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा दिवस सगळ्यात लांब. मी नाही म्हटलं असतं तर ते दुसरीकडून पेनकिलरच्या पट्ट्या घेऊन चालले असते हे मला माहीत होतं. म्हणून मी विचारलं, काका वारीत नेमकं काय केलं की तुमची वारी झाली असं वाटेल? बराच वेळ विचार करून म्हणाले, "चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण डोळ्यांनी बघायचं, माऊलीच्या अश्वाच्या टापाखालची माती कपाळाला लावायची, आणि त्या दिवशी पायानं चालायचं." म्हणजे लोणंद ते तरडगाव. तो टप्पा छोटा आहे, सपाट आहे. हे जमण्यासारखं होतं! बाकी दिवस दिंडीच्या ट्रकमधून जायचं हे त्यांनी मनापासून कबूल केलं.

मग लक्षात आलं की त्यांची खरी अडचण चालण्याची नाहीच. राहुटीत जमिनीवर झोपायचं आणि पहाटे तिथून उठायचं, उघड्यावर किंवा फिरत्या संडासात उकिडवं बसायचं, हे जास्त अवघड. त्यामुळे आमचा निम्मा वेळ जमिनीवरून उठण्यात गेला. आधी कुशीवर वळायचं, मग चार पायांवर यायचं, मग चांगला पाय पुढं रोवायचा, मांडीवर दोन्ही हात दाबायचे आणि श्वास सोडत वर. पहिल्यांदा भिंत धरून, मग स्टूल धरून, मग नुसती काठी. काकूंना पण बोलवून घेतलं, त्यांनी कुठं हात द्यायचा आणि कुठं ओढायचं नाही ते दाखवलं. बाहेरच्या सोयीसाठी मधे भोक असलेलं फोल्डिंगचं स्टूल घ्यायला लावलं, सुरुवातीला नको म्हणाले, दिंडीतल्या इतर म्हाताऱ्यांनीच नंतर ते मागून मागून वापरलं असं सांगत होते. रिंगण झालं, माती लावून आले. दुखणं पाचावरून चारावर आलं असेल, फार नाही. पुढच्या वर्षी परत तोच टप्पा करू म्हणतात, दिवेघाटाचं नाव त्यांनी स्वतःहून काढलं नाही.

तुम्ही किंवा घरातलं कोणी खुब्यासाठी फिजिओकडे जाणार असाल तर रिपोर्टबरोबर हेही घेऊन जा. अडणाऱ्या दोन-तीन गोष्टी नावानिशी सांगा, घरात संडास कुठल्या पद्धतीचा आहे, जिने किती, झोपायला कॉट की खाली गादी, हे सगळं. ह्यातलं काय जमेल, किती आठवड्यांत, आणि काय जमणार नाही हे तोंडावर विचारा, चांगला फिजिओ रागावत नाही. दोन महिने नियमित करून तुमच्या यादीत काहीच हललं नसेल तर तेही बोला, ट्रीटमेंट बदलते किंवा सर्जनकडे पाठवता येतं. म्हातारं माणूस पडलं असेल आणि पाय टेकवता येत नसेल, किंवा खुबा दुखून ताप येत असेल, तर मात्र व्यायाम-शेक काही नाही, आधी दवाखाना आणि एक्सरे. आणि येताना सैल कपडे घाला, चप्पल रोजची घाला, नवे बूट नकोत, कारण तुम्ही रोज कसे चालता तेच आम्हाला बघायचं असतं.